पाण्याचा हिशोब ठेवणारा पेशा

मुलगा बी. कॉम. झाला की त्याला गादीवर बसवायचे, नाहीतर आखातात पाठवायचे, असे दोनच रस्ते आपल्या व्यापारी घराण्यांत वर्षानुवर्षे ठरलेले आहेत. इंजिनीअर झाला तर पुण्याचा कारखाना, आणि मुलगी शिकली तर डी. एड., बी. एड. करून शिक्षिका. यापलीकडे एक पेशा आहे आणि तो आपल्या जिल्ह्याच्या आसपासच वाढलेला आहे. परदेशी मदतीवर किंवा जागतिक बँकेच्या कर्जावर चालणारे पाणी, माती, जंगल यांचे प्रकल्प चालविणे, हा तो पेशा होय. इंग्रजीत त्याला मोठी नावे आहेत. आम्ही सोप्या भाषेत पाण्याची मुनिमी म्हणतो.

आम्ही कापडवाले. कापडाच्या पानावर जंगल-पाण्याचे काय काम, असे वाचक विचारतील. संबंध उधारीच्या वहीतून आहे. औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) ठोक बाजारातून पैठण, गंगापूर, वैजापूर, सिल्लोड, भोकरदनचे किरकोळ दुकानदार माल उचलतात. त्यांचे गिऱ्हाईक शेतकरी. कापूस, मका घरात आला की लग्ने निघतात, लग्ने निघाली की लुगडी, शर्टिंग, सूटिंग, चादरी खपतात आणि मग आमची उधारी वसूल होते. मराठवाड्यात पाऊस सरासरीने सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो असे कागदावर म्हणतात. पण सरासरीवर लुगडे विकत नाही. १९७२ चा दुष्काळ आमच्या वडीलधाऱ्यांनी दुकानात बसून पाहिला. २०१२-१३ चा आम्ही पाहिला. तेव्हा जालना जिल्ह्यात पिण्याच्या पाण्याची वाताहत होती. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. अशा वर्षी लग्ने पुढे ढकलली जातात आणि खतावणीत नुसती नावे साचत जातात. तेव्हा डोंगराच्या माथ्यावर चर खणणारा माणूस आमच्या धंद्याचा भागीदारच आहे, मग त्याने आमचे दुकान कधी पाहिलेले नसेना का.

या पेशातला सर्वांत मोठा माणूस आपल्याच शहरात राहिला, हे आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असेल. माधवराव चितळे यांचा जन्म १९३४ चा, चाळीसगावचा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडून ते राज्याच्या पाटबंधारे खात्यात गेले, तेथून केंद्रीय जल आयोगाचे अध्यक्ष झाले आणि पुढे भारत सरकारचे जलसंसाधन सचिव. १९९३ साली त्यांना स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार १९९१ साली सुरू झाला होता आणि तो मिळविणारे ते पहिले भारतीय. त्याच वर्षी ते आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाचे महासचिव झाले. देशोदेशीच्या पाटबंधारे खात्यांना एका बैठकीत बसविणारी ही संस्था. तेथील मुदत संपल्यावर साहेबांनी दिल्ली-मुंबईत बंगला केला नाही, ते औरंगाबादला राहिले. महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाचा जो अहवाल १९९९ साली आला, तो त्यांच्याच अध्यक्षतेखाली. पैठण रस्त्यावर कांचनवाडीला वाल्मी, म्हणजे जल व भूमि व्यवस्थापन संस्था, १९८० पासून आहे. आपली मंडळी पैठणला जाताना तिच्या फाटकावरून जातात. आत काय शिकवितात, हे विचारायला किती जण उतरले असतील?

तसे पाहता परमुलखातून येऊन येथे पाण्याची व्यवस्था करणारा पहिला माणूस मलिक अंबर. हबश देशात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. १६१० साली त्याने खडकी वसविली आणि पुढच्या काही वर्षांत जटवाड्याच्या डोंगराकडून जमिनीखालून खापरी नळांनी शहराला पाणी आणले. तीच नहर-ए-अंबरी. १६२६ साली तो वारला, तरी त्याची नहर पुढे शेकडो वर्षे वाहिली, कारण तिच्या साफसफाईची सोय होती. साफसफाई सुटली तसतशी ती बुजत गेली. देखभालीचा हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

आता ज्या माणसाच्या कामावरून हा पेशा नीट समजतो, त्याच्याकडे वळू. फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडचे जेझुइट पाद्री. १९४८ साली भारतात आले आणि शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) त्यांनी आयुष्य काढले. मराठी बोलत, खेड्यात हिंडत. सुरुवातीला त्यांनी शेतकऱ्यांना विहिरी खणायला मदत केली. पण विहीर म्हणजे गल्ला. त्यात रोज काही पडले नाही तर काढणार काय? दुष्काळात विहिरी आटल्या, तेव्हा पाऊस जेथे पडतो तेथेच तो जिरविला पाहिजे, हा विचार पक्का झाला. अहमदनगरचे सोशल सेंटर त्यांनीच उभे केले. पुढे भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाची कल्पना त्यांनी दोन्ही सरकारांच्या गळी उतरविली. १९८९ च्या सुमारास ती आकाराला आली आणि १९९२ नंतर गावोगाव कामे सुरू झाली. जर्मन सरकारचा पैसा त्यांच्या केएफडब्ल्यू या बँकेमार्फत आपल्या नाबार्डकडे येई. माणसे तयार करण्याच्या कामाला जर्मनांची तांत्रिक संस्था मदत करी. ती तेव्हा जीटीझेड होती, २०११ पासून जीआयझेड म्हणून ओळखली जाते. खेड्यातल्या लोकांना आणि लहान संस्थांना शिकविण्यासाठी १९९३ साली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट, म्हणजे वॉटर, ही संस्था निघाली. तिच्या उभारणीत बाखर यांच्याबरोबर क्रिस्पिनो लोबो होते. डॉ. मार्सेला डिसूझा यांनी पुढे अनेक वर्षे तिचा कारभार पाहिला. त्या शिक्षणाने वैद्यकीय डॉक्टर. दवाखाना टाकून त्या खेड्यात बायकांच्या बैठका घेऊ लागल्या. २०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या वाळवंटीकरणविरोधी कराराखालील लँड फॉर लाइफ हा पुरस्कार या संस्थेला मिळाला. बाखर यांचे निधन २०२१ साली झाले.

आम्हाला या कार्यक्रमात सर्वांत भावली ती त्याची हिशोबाची रीत. व्यापाऱ्याने ती बारकाईने पाहावी अशी आहे.

पहिली गोष्ट, पैसा मागेल त्याला मिळत नसे. गावाने आधी काही दिवस श्रमदान करून दाखवायचे. मोकाट चराई बंद, झाड तोडणे बंद, उसासारखे पाणी पिणारे पीक वाढवायचे नाही, शेतीसाठी खोल बोअर मारायचे नाहीत, हे ग्रामसभेत कबूल करायचे. आपण नव्या गिऱ्हाइकाला पहिला माल रोखीने देतो, नजर बसली की उधारी उघडतो, त्यातलाच हा प्रकार. त्यानंतरही एकदम मोठी रक्कम नाही. आधी वर्ष-दीड वर्षाचा तालमीचा टप्पा, त्यात लहानसा तुकडा करून पाहायचा. तो साधला तर मुख्य काम.

दुसरी गोष्ट, आराखडा कचेरीत होत नसे. गटनंबराप्रमाणे एकेका शेतात जाऊन, शेतकरी नवरा-बायको दोघांना समोर उभे करून, कोठे बांध, कोठे चर, कोठे झाड हे ठरवायचे. दोघांना का, तर पुढे बायको म्हणू नये की मला विचारले नव्हते. काम माथ्यापासून पायथ्याकडे. आधी डोंगरावर समपातळी चर आणि गवत, मग उतारावर बांधबंदिस्ती, शेवटी नाल्यात बांध. राजकारणी माणसाला खालचा सिमेंट बंधारा आधी हवा असतो, कारण त्यावर फीत कापता येते आणि पाटी लावता येते. वरचे चर न करता खाली बंधारा बांधला की तो दोन-चार पावसाळ्यांत गाळाने भरतो. आमच्या मते प्रकल्प चालविणाऱ्याची खरी कसोटी येथेच लागते. नाही म्हणता आले पाहिजे, आणि तेही गोडीने.

तिसरी गोष्ट बँक खात्याची. गावाची पाणलोट समिती आणि मदतनीस संस्था यांचे जोडखाते असे. एकट्याच्या सहीने पैसा निघत नसे. मजुरीतला ठराविक हिस्सा गावकऱ्यांनी श्रमदान म्हणून सोडायचा, आणि त्यातून प्रकल्प संपल्यावरच्या देखभालीसाठी निधी बाजूला पडायचा. म्हणजे जर्मन साहेब परत गेला तरी फुटलेला बांध दुरुस्त करायला गावाजवळ चार पैसे राहतील, ही तजवीज पहिल्या दिवसापासून.

संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे या कार्यक्रमाचे नावाजलेले गाव. तेथे १९९६ ते २००१ या काळात काम झाले. आधी उन्हाळ्यात टँकर येई आणि माणसे पोटासाठी बाहेर पडत. काम झाल्यावर विहिरींना पाणी टिकू लागले आणि गावातच मजुरीचे दिवस वाढले. वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने आपल्या २००५ च्या अहवालात दरेवाडीवर स्वतंत्र मजकूर दिला.

पण नाण्याची दुसरी बाजू लिहिली नाही तर आमच्या खाटीक आणि बकरे व्यापारी बांधवांशी बेइमानी होईल. चराईबंदी म्हणजे शेळ्या-मेंढ्यांवर गदा. ज्याच्याजवळ जमीन आहे त्याच्या विहिरीला पाणी आले. ज्याच्याजवळ फक्त आठ-दहा शेळ्या होत्या त्याला त्या विकाव्या लागल्या. दरेवाडीतही मेंढपाळांचा आणि भूमिहीनांचा प्रश्न निघालाच. चराईबंदी टप्प्याटप्प्याने करणे, गवत कापून नेण्याची मुभा देणे असे तोडगे निघाले. गवत वाढल्यावर काही घरे गायी-म्हशींकडे वळली. परंतु गाय घ्यायला भांडवल लागते, शेळी घ्यायला फारसे लागत नाही. डोंगर हिरवा झाल्याचे छायाचित्र अहवालात छापले जाते, विकलेल्या शेळीचे कोणी छापत नाही. चांगला व्यवस्थापक तोच, जो या शेळीवाल्याचे नाव पहिल्या पाहणीतच वहीत टिपतो. त्याच्यासाठी आधी सोय करावी आणि मग बंदी घालावी, हा क्रम आम्हाला बरा वाटतो.

आपल्या बाजूला हेच काम विजयअण्णा बोराडे यांनी केले. मराठवाडा शेती सहाय्य मंडळामार्फत त्यांनी आधी आडगावला पाणलोटाचा प्रयोग केला, आणि पुढे जालना जिल्ह्यातील कडवंचीत भारत-जर्मन कार्यक्रमाखालीच १९९६ ते २००२ या काळात काम उभे राहिले. आज कडवंचीला द्राक्षांचे गाव म्हणतात. २०१२-१३ साली बाकी जालना जिल्हा टँकरमागे धावत असताना तेथल्या बागा उभ्या होत्या. शेकडो शेततळी तेथे आहेत. त्यावर टीकाही होते की पावसाचे पाणी धरण्याऐवजी विहिरीतले पाणी उपसून तळ्यात साठवितात आणि ते उन्हात उडून जाते. टीका खोटी नाही. एकाने भूगर्भातले पाणी कागद अंथरून आपल्या नावावर केले की शेजाऱ्याची विहीर खाली जाते. याचा हिशोब कोणीतरी गावपातळीवर ठेवला पाहिजे, आणि तो ठेवणारा माणूस पगारी असला पाहिजे.

आता उलट उदाहरण पाहा, तेही घरचेच. अजिंठा-वेरूळ संवर्धन व पर्यटन विकास प्रकल्पासाठी जपानने कर्ज दिले, पहिला टप्पा १९९२ चा, दुसरा २००३ चा. रस्ते, पाणीपुरवठा, वनीकरण, चिकलठाणा विमानतळाची सुधारणा, लेण्यांची डागडुजी अशी कामे त्यात होती. धुराने लेण्यांचे नुकसान होऊ नये म्हणून अजिंठ्याला गाड्या फर्दापूरजवळ टी-पॉइंटवर थांबवून पुढचे सुमारे चार किलोमीटर बसने न्यायची पद्धत आली. दुकानेही लेण्यांच्या पायथ्यापासून तेथे हलविली गेली. त्यात आपले कितीतरी दुकानदार होते, दगडांचे, मण्यांचे, पुस्तकांचे. धूर थांबला, हे चांगलेच झाले. पण पुढे मोठा खर्च करून पर्यटक केंद्र बांधले, ते २०१३ साली सुरू झाले आणि काही वर्षांतच वीज-पाण्याच्या थकलेल्या बिलांमुळे बंद पडले. इमारतीला परदेशी कर्ज मिळाले, दिवा लावायला मिळाले नाही. दरेवाडीच्या गावकऱ्यांनी मजुरीतून जी तजवीज केली ती येथे कोणाला सुचली नाही. दोन्हीकडे पैसा परदेशचाच होता.

आमचा स्वतःचा एक अनुभव सांगतो, नाव घेत नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका प्रकल्पाच्या शिबिरांसाठी आम्ही सतरंज्या, चादरी आणि उश्यांचे अभ्रे पुरविले. माल वेळेवर गेला, पावतीही मिळाली. पैसे सात महिन्यांनी आले. चौकशी करता करता समजले की कोणी पैसे खाल्ले नव्हते. तिमाही अहवाल देणगीदाराच्या नमुन्यात गेला नव्हता, म्हणून पुढचा हप्ता तिकडेच अडकला होता, आणि हप्ता नाही म्हणून आम्ही, हॉटेलवाला, जीपवाला सगळे लटकलो. नंतर तेथे एक नवी मुलगी हिशोबावर आली, साधी एम. कॉम. झालेली. तिने दोन आठवड्यांत मागचे कागद लावले आणि सर्वांचे धनादेश निघाले. तेव्हापासून आम्ही म्हणतो की असले प्रकल्प भाषणावर चालत नाहीत, खतावणीवर चालतात.

कारागीर बांधवांसाठी येथे आणखी एक गोष्ट आहे. गॅबियन बंधाऱ्याला तारेची जाळी लागते, सिमेंट बांधाला गवंडी लागतो, विहिरीच्या मोटारीला वायंडिंग लागते, शेततळ्याला कागद, ठिबकला नळ्या आणि जोड. जागतिक बँकेने २०१८ साली आपल्या राज्यातील नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी ४२ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. १५ जिल्ह्यांतील ५१४२ गावे त्यात घेतली गेली, त्यांत औरंगाबाद आणि जालनाही होते. अनुदान शेतकऱ्याच्या खात्यात जमा व्हायचे, पण पक्के बिल दाखविल्यावर. असल्या कामांत तीन दरपत्रके, जीएसटी नंबर, बँकेतून देवघेव या अटी असतातच. आमच्या ओळखीचे उत्तम जाळीवाले आणि उत्तम वायंडर आहेत. हातात हुन्नर आहे, पण चिठ्ठीवर हिशोब. त्यांचा भाव कमी असूनही काम दुसरीकडे जाते.

कापडाच्या धंद्याला पर्यावरणाची पहिली चपराक बसली तीही जर्मनीकडूनच. १९९४ साली त्यांनी काही अॅझो रंगांवर बंदी घालणारा कायदा केला, कारण त्या रंगांतून कॅन्सर करणारी द्रव्ये सुटतात. निर्यात करणाऱ्यांची तेव्हा तारांबळ उडाली. रंगाऱ्याला विचारावे तर त्याला डब्यावरचे नाव वाचता येईना. १९९७ साली भारत सरकारनेही अशा रंगांवर बंदी आणली. आज बाहेरचा खरेदीदार कापूस कोणत्या गावचा, त्याला औषध किती मारले, रंगाचे पाणी कोठे सोडले, हे सर्व विचारतो. बेटर कॉटन नावाच्या योजनेचे पहिले पीक भारतात २०१०-११ साली निघाले. शेतकऱ्यांचे गट करणे, वह्या भरून घेणे, तपासणी करणे, हे काम करायला माणसे लागतात. कापूस आणि सूत ओळखणाऱ्या घरातला मुलगा या कामाला परक्यापेक्षा लवकर लागू पडेल, असे आमचे मत आहे.

शिक्षण काय लागते? पाणलोटाच्या कामाला कृषी किंवा सिव्हिलची पदवी उपयोगी, समाजकार्याची पदवीही चालते, आणि हिशोबाच्या बाजूला बी. कॉम., एम. कॉम. आपले उर्दू माध्यमाचे विद्यार्थी इंग्रजीला घाबरतात आणि मराठीला लाजतात. आम्हीही उर्दू शाळेतूनच आलो. मराठी आम्हाला दुकानाने शिकविली, लुगडे उलगडता उलगडता. या कामात ग्रामसभेत मराठी, अहवालात इंग्रजी, आणि मराठवाड्यातल्या कितीतरी वस्त्यांत दखनी लागते. तीन भाषा घरबसल्या येणारा मुलगा आपल्या मोहल्ल्यात सापडतो, फक्त त्याला कोणी सांगितलेले नसते. मुलींना तर हे क्षेत्र अधिक खुले आहे. खेड्यात बचत गटांच्या बायकांशी बोलायला बाईमाणूसच लागते, आणि ज्या घरांत पुरुष पाहुण्याला ओसरीपलीकडे जाता येत नाही, तेथे तीच आत जाऊन खरी परिस्थिती पाहू शकते.

मग सोयरिकीच्या वेळी जो प्रश्न निघतो तो निघणारच, नोकरी पक्की आहे का? पक्की नाही. प्रकल्प तीन वर्षांचा, पाच वर्षांचा, त्याप्रमाणे करार. संपला की दुसरा शोधायचा. तो नंदुरबारला असेल, ओडिशात असेल, नशीब काढले तर नैरोबीला किंवा रोमला असेल. धूळ, जीप, मुक्काम, आणि साहेब तपासणीला आला की रात्र रात्र कागद. आखातातल्या पगाराशी सुरुवातीला तुलना होणार नाही. पण ज्याने दोन प्रकल्प वेळेत आणि चोख हिशोबाने पूर्ण केले, त्याला तिसऱ्यासाठी बोलावणे येते, कारण या धंद्यातही बाजारातल्याप्रमाणे पत चालते.

ज्यांच्या घरात अशी मुले-मुली आहेत त्यांनी आधी फी भरून पदविका घेण्याची घाई करू नये. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलाला एखाद्या पाणलोटाच्या गावी पंधरा दिवस पाठवावे. तेथे गटनंबरांची फेरी चालली असेल तर टेप धरायला माणूस हवाच असतो. दुपारी दोनच्या उन्हात बांधावर उभे राहून, भांडणाऱ्या दोन भावांच्या मधली हद्द मोजायला त्याला जमते की नाही, हे तेथेच दिसेल. कांचनवाडीला तर सिटी बसही जाते.